सावंतवाडीचे हळदणकर

मंडळी, आज आम्ही तुम्हांला आपल्याच मुलखातल्या एका चित्रकाराची गोष्ट सांगणार आहोत. त्यांचं नाव सावळाराम लक्ष्मण हळदणकर. जन्म सावंतवाडीचा, सन १८८२.

चित्रकला शिकायला ते मुंबईला गेले. १९०८ साली तिथंच त्यांनी चित्रकलेचे स्वतःचे वर्ग काढले. माणसांची चित्रं ते काढीतच, पण निसर्गाचे देखावेही जलरंगांत रंगवीत.

जलरंगांचं काम अवघड. रंग एकदा कागदात मुरला, की धड पुसता येत नाही. सकाळी आपल्या समुद्राचं पाणी कसं चकाकतं! ती चकाकी चित्रात कशी आणायची? तेवढा कागद कोराच ठेवायचा. चुकून रंग लागला, की उजेड गेला!

हळदणकरांचं एक चित्र फार गाजलं. एक बाई हातात दिवा घेऊन उभी आहे. दुसऱ्या हाताचा तिनं आडोसा केला आहे. बोटांमधून लालसर उजेड दिसतो. या चित्रासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. हे चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे.

पण गंमत बघा. पुष्कळ लोक म्हणत, हे चित्र राजा रविवर्म्याचं! रविवर्मा तर १९०६ सालीच वारले. चित्र झालं त्यानंतर कितीतरी वर्षांनी. हळदणकर १९६८ साली वारले. चित्र सगळीकडे पोचलं, नाव मात्र मागं राहिलं.

मंडळी, आता आपल्याला वाचता येतं. चित्र पाहिलं, की कुणाचं ते वाचावं. ज्याचं काम, त्याचं नाव.