देग धुतल्यावर चरबी जाते कुठे?

(तिरोडा येथे तरुणांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



हॉटेल, बिर्याणीची गाडी, लग्नाचा भटारखाना चालवणारी बरीच मुलं समोर बसली आहेत, म्हणून आज थेट नालीबद्दल बोलतो.

देग गरम पाण्याने धुतली की चरबी वाहून जाते. म्हणजे डोळ्याआड होते, एवढंच. पुढे पाणी थंड झालं की ती नालीला चिकटून गोठते. साबण आणि उकळतं पाणी ओतलं, तर शेजाऱ्याच्या दारापुढे सरकते. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात 2017 साली गटारात असा 250 मीटर लांब, 130 टनांचा गोळा सापडला होता.

आपल्याकडे असं तुंबलेलं काढायला कोण उतरतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. 2013 च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं गुन्हा आहे. अशा मृत्यूची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 30 लाख रुपये केली. तरी हॉटेलवाला म्हणतो, ‘मी कर भरतो, नाली नगर परिषदेची.’ मला हे पटत नाही. चरबी तर आपली आहे ना?

पर्यावरण नियम 1986 चे आहेत. सार्वजनिक गटारात सोडायच्या सांडपाण्यात तेल-चरबी लिटरमागे 20 मिलिग्रॅमच्या वर नको. नदी-तलावात सोडायचं तर 10. त्यासाठीची पहिली पायरी म्हणजे ग्रीस ट्रॅप. टाकीत पाणी थांबतं, थंड होतं. चरबी तरंगते, शितं-खरकटं तळाशी बसतं, मधलं पाणी पडदीखालून बाहेर जातं. चरबी आणि गाळ मिळून टाकीचा चौथा हिस्सा भरला की उपसायचं. काही जण टाकी बांधतात आणि वर्षभर झाकणच उघडत नाहीत! मग तो नुसता खड्डा झाला. आणि हो, संडासाचं पाणी त्यात जोडू नका.

तळणीचं उरलेलं तेल या टाकीतही नको. एफएसएसएआयच्या नियमानुसार ‘टोटल पोलर कंपाउंड’ 25 टक्क्यांवर गेलेलं तेल जुलै 2018 पासून वापरता येत नाही. दिवसाला 50 लिटरहून जास्त तेल लागणाऱ्याने नोंद ठेवायची आणि जुनं तेल अधिकृत संकलकालाच द्यायचं. त्याचं बायोडिझेल होतं. ते समोसेवाल्याला स्वस्तात विकणारेही आहेत. ते बंद करा.

आज रात्रीपासून देग धुण्याआधी रद्दी कागदाने पुसून घ्या. त्याला खर्च नाही. टाकीचा कच्चा नकाशा मी आणलाय, गवंड्याला दाखवायला फोटो काढून घ्या.