योइचीची कोळशाची भट्टी

आज तुम्हाला जपानच्या उत्तर टोकाला, होक्काइडो बेटावर घेऊन जाणार आहे. तिथे समुद्राकाठी योइची नावाचं छोटं गाव आहे, सफरचंदांच्या बागांचं. या गावात व्हिस्कीचा एक कारखाना आहे, १९३४ साली सुरू झालेला, म्हणजे नव्वदी ओलांडलेला. तिथे आजही दगडी कोळशाच्या जाळावर व्हिस्की गाळतात. वाफेवर नाही, गॅसवर नाही, कोळशावर. खाली माणूस फावड्याने कोळसा टाकतो आणि वर तांब्याचं भलंमोठं भांडं तापत राहतं. मला आज सांगायचंय ते या जाळाबद्दल.

माझी एक जिवलग मैत्रीण नोकरीनिमित्त साप्पोरोला राहते. शनिवार-रविवार मोकळा मिळाला तशी ती म्हणाली, "चल गं, योइचीला जाऊ. तुला आवडेल." ती स्वतः दारूला शिवत नाही, पण मला काय आवडेल हे तिला शाळेपासून कळतं. आम्ही साप्पोरोहून ओतारूला गेलो, तिथे छोटी डिझेलची गाडी पकडली आणि पंचवीसेक मिनिटांत योइचीला उतरलो. जाता जाता सांगते, शिंकान्सेन ही वेगवान रेल्वे साप्पोरोपर्यंत पोचली की या मार्गावरची गाडी बंद करून बस चालवायचं ठरलंय. मला ते वाचून वाईट वाटलं. स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच कारखान्याचं दगडी प्रवेशद्वार दिसतं, त्या गावाला ती गाडी शोभते.

कारखाना उभा केला मासाताका ताकेत्सुरू यांनी. हिरोशिमाकडचं ताकेहारा हे त्यांचं गाव, घराणं साके ही तांदळाची दारू बनवणाऱ्यांचं, जन्म १८९४ चा. पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा, १९१८ साली, ते स्कॉटलंडला गेले. ग्लासगोच्या विद्यापीठात शिकले, लाँगमॉर्न आणि हेझलबर्नसारख्या कारखान्यांत उमेदवारी केली. तिथे पाहिलेलं सगळं, भांड्यांच्या आकृत्यांसकट, वहीत उतरवून घेतलं. रीटा कावन या स्कॉटिश मुलीशी लग्न केलं आणि १९२० मध्ये दोघं जपानला परतली. पुढे क्योतोजवळच्या यामाझाकीला जपानचा पहिला माल्ट व्हिस्कीचा कारखाना उभा राहिला, त्यातही त्यांचा हात होता. तो इतिहास मोठा आहे, तो आज बाजूला ठेवते. दहा-अकरा वर्षांनी ते तिथून बाहेर पडले आणि योइचीला आले.

योइचीच का? कारण हवा थंड आणि दमट, पाणी चांगलं, बार्ली धुरावायला लागणारं पीट जवळच्या इशिकारी मैदानात, आणि होक्काइडोतच कोळशाच्या खाणी. कोळसा ध्यानात ठेवा. पण व्हिस्की गाळली तरी ती पिंपात मुरायला वर्षं लागतात, तोवर खायचं काय? म्हणून ताकेत्सुरूंनी आधी सफरचंदाच्या रसाचा धंदा काढला. कंपनीचं नावच फळांच्या रसाचं होतं. १९३६ मध्ये पहिलं तांब्याचं भांडं आलं आणि १९४० मध्ये व्हिस्कीची पहिली बाटली बाजारात गेली. ती निक्का व्हिस्की.

आता भट्टीघरात येऊ. बार्ली भिजवणं, तिचा गोड काढा करणं, तो आंबवणं, हे सगळीकडे थोड्याफार फरकाने सारखंच असतं, ते सोडून देते. भट्टीघराच्या दारातच ऊब जाणवते. ओळीने तांब्याची भांडी उभी आहेत, खाली विटांची बैठक, बैठकीत लोखंडी दारं. मी एका दाराशी उभी राहिले आणि कामगाराने ते उघडलं. आत पांढरट पिवळा जाळ. त्याने फावडंभर कोळसा उचलला, मनगटाला हलका झटका दिला आणि तो कोळसा विस्तवावर पसरून पडला, ढीग नाही झाला. दार बंद. सात-आठ मिनिटांनी पुन्हा तेच.

तो मनगटाचा झटका पाहिला आणि मी तिथेच थांबले. माझे आजोबा भुसावळला रेल्वेत फायरमन होते, वाफेच्या इंजिनावर. ते सांगायचे, कोळसा थोडा थोडा टाकायचा, पण सारखा टाकायचा. एकदम ढीग घातला की जाळ गुदमरतो आणि काळा धूर निघतो. योइचीच्या त्या माणसाला हे माझ्या मैत्रिणीने जपानीतून सांगितलं. तो हसला, मान डोलावली आणि फावडं आडवं धरून मला दाखवलं, असं पसरायचं.

यात एवढं काय कठीण, असं कुणाला वाटेल. गॅसची कळ फिरवली की आच कमी होते. कोळशाला कळ नाही. भांड्यातला काढा उकळताना फेस वर चढतो, तो मानेतून पलीकडे गेला तर माल बिघडतो. म्हणजे फेस चढायच्या आधीच खालच्या माणसाला जाळ आवरता यायला हवा. शिवाय खालची आच हजार अंशांच्या घरातली, भांड्याच्या तळाशी काढा किंचित करपतो. तो करपट, खमंग वासच या व्हिस्कीची ओळख आहे. वाफेवर तो येत नाही. ताकेत्सुरूंनी १९६९ मध्ये सेन्दाईजवळ मियागिक्योला दुसरा कारखाना काढला, तिथे वाफ वापरली, कारण तिथे त्यांना हलकी, फळांच्या वासाची व्हिस्की हवी होती. योइचीचा कोळसा मात्र त्यांनी तसाच ठेवला. उशिरा रेडिओ लावला असेल त्यांच्यासाठी पुन्हा सांगते: कोळसा तिथे चवीसाठी ठेवलेला आहे.

आणखी एक. प्रत्येक भांड्याच्या मानेला भाताच्या पेंढ्याची पिळलेली जाड दोरी बांधलेली असते, तिला पांढऱ्या कागदाच्या घड्या लटकतात. शिंतो देवळांवर असते तीच. साके बनवणाऱ्या घरांतली ही रीत ताकेत्सुरूंनी व्हिस्कीच्या भांड्यांना आणली. दसऱ्याला आजोबांच्या इंजिनाला झेंडूची माळ चढायची, तसंच हे.

ज्या स्कॉटलंडमध्ये ताकेत्सुरू ही कोळशाची पद्धत शिकले, तिथला शेवटचा कोळशाचा कारखाना, ग्लेनड्रोनाख, २००५ च्या सुमारास वाफेवर गेला. होक्काइडोत कोळशाची राजधानी म्हणावं अशा युबारीची शेवटची खाण १९९० च्या आसपास बंद पडली. कोळशाचा धूर वाईटच, आजोबांचा खोकला मी ऐकलेला आहे. तरी माझं मत सांगते. योइचीच्या लाल छपरांच्या दगडी इमारतींना जपान सरकारने २०२२ मध्ये महत्त्वाचा सांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली, हे उत्तम झालं. इमारती त्यामुळे टिकतील. फावडं चालवणारा हात टिकायचा तर तो एकाने दुसऱ्याला शिकवावा लागेल, रोज, त्या दारासमोर उभं राहून. भुसावळला ते कसब इंजिनांबरोबर गेलं. इथे ते अजून कामावर आहे, आणि मला वाटतं त्याचीही दखल इमारतींइतकीच घ्यायला हवी.

मातीच्या जमिनीची कोठारं, त्यातली पिंपं, रीटाचं घर, यासाठी वेळ उरला नाही. एवढंच सांगते की रीटा १९६१ मध्ये गेल्या आणि पुढच्याच वर्षी ताकेत्सुरूंनी सुपर निक्का ही व्हिस्की काढली. शेवटच्या दालनात तीही चाखायला मिळते, छोट्या ग्लासात. मोटार चालवणाऱ्याला मात्र एक थेंबही देत नाहीत. जपानमध्ये प्यालेल्या चालकाबरोबर गाडीत बसणाऱ्यालाही शिक्षा आहे, त्यामुळे आगगाडीनेच जा. फेरीसाठी नाव आधी नोंदवावं लागतं. भट्टी रोज पेटलेली असतेच असं नाही, तेव्हा जायच्या आधी तेवढं विचारून घ्या.