आभा क्रमांक काढला, पुढे काय?

संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव हा बुलढाणा जिल्ह्यातला खारपाणपट्टा, म्हणजे खाऱ्या पाण्याचा भाग. मूत्रपिंडाचं दुखणं इथं अनेक घरांच्या ओळखीचं. अशा रुग्णाच्या पिशवीत क्रिएटिनिनचे जुने रिपोर्ट, सोनोग्राफी, औषधांच्या चिठ्ठ्या असतात. त्यातला एखादा कागद गहाळ झाला, की आजार किती वाढला हे नव्या डॉक्टरांना कळत नाही. मग पुन्हा तपासणी, पुन्हा खर्च.

2021 साली देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा उद्देश हीच अडचण दूर करण्याचा आहे. या मिशनमधून मिळणाऱ्या 14 अंकी आभा या आरोग्य खाते क्रमांकाला आपले रिपोर्ट जोडता येतात आणि आपल्या संमतीनंच डॉक्टर ते पाहतात. ई-संजीवनी या ऑनलाइन सल्ला सेवेमुळे गावच्या आरोग्य केंद्रातून तज्ज्ञांचा सल्लाही मिळू शकतो.

पण वाट सोपी नाही. आभा काढताना ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाइलवर, आणि तो मोबाइल असतो पुण्याला कामाला गेलेल्या मुलाकडे. सातपुड्याच्या पायथ्याला रेंज मिळेलच असं नाही. आशाताईंना रजिस्टरही भरायचं आणि अ‍ॅपही. शिवाय दवाखान्यानं रिपोर्ट जोडलाच नाही, तर नुसत्या क्रमांकाचा उपयोग काय?

म्हणून श्रोतेहो, हाताशी असलेला मोबाइल नंबर आधारला जोडून घ्या. केसपेपर काढताना आभा क्रमांक सांगा, रिपोर्ट जोडण्याचा आग्रह धरा. अनोळखी माणसाला फोनवर ओटीपी देऊ नका. आणि कागदी फाइल मात्र जपून ठेवा.