सूर्याचे बोगदे

आकाशाकडे लक्ष वेधावयाचे म्हटले की माणसाने आजवर बहुधा उंचच काही बांधले. देवळाचे शिखर घ्या, मशिदीचा मिनार घ्या, आमच्या चर्चचा मनोरा घ्या. मान वर होते खरी, परंतु नजर खिळते ती कळसावर किंवा क्रुसावर. आकाश मागे पडद्यासारखे राहून जाते. नॅन्सी होल्ट (१९३८–२०१४) या अमेरिकन शिल्पकर्तीने आपले शिल्प जमिनीवर आडवेच ठेविले.

अमेरिकेतील युटा राज्यात, ल्यूसिन या ओसाड पडलेल्या गावाजवळच्या वाळवंटात, १९७३ ते १९७६ या काळात ते सिद्ध झाले. ‘सन टनेल्स’, म्हणजे सूर्याचे बोगदे, हे त्याचे नाव. रस्त्याखालच्या मोरीला घालतात तसे काँक्रीटचे चार नळ. प्रत्येक १८ फूट लांब, सुमारे २२ टन वजनाचा, आत मनुष्य ताठ उभा राहील एवढा रुंद. फुलीच्या आकारात ते मांडले आहेत. कंत्राटदार माल टाकून निघून गेला असावा, असेच दुरून वाटावे!

आत शिरल्यावर मात्र गोष्ट पालटते. मोकळ्या वाळवंटात आकाश इतके अफाट असते की नजरेला ठावच लागत नाही. नळाच्या तोंडाशी तेच आकाश एका वर्तुळात मावते, आणि मग ते दिसू लागते. वर्षातील सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाच्या सुमारास उगवता व मावळता सूर्य नेमका या वर्तुळात येतो. फुलीच्या एका रेषेच्या एका टोकाला उन्हाळ्यातील सूर्योदय, तर दुसऱ्या टोकाला हिवाळ्यातील सूर्यास्त. ही दिशा साधण्यासाठी खगोलवेत्त्यापासून क्रेन चालविणाऱ्यापर्यंत कितीतरी जणांचे हात लागले. उज्जैनच्या वेधशाळेची, जिचा जीर्णोद्धार ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी १९२३ मध्ये करविला, येथे आठवण होते. पण तेथील यंत्रे गणितासाठी आहेत, हे नळ केवळ पाहण्यासाठी.

मला सर्वांत मोह पडतो तो नळांच्या वरच्या अंगास पाडलेल्या भोकांचा. ती ७ ते १० इंच व्यासाची आहेत. चार नळांत चार तारकासमूह: कालेय, ययाती, कपोत आणि मकर. तारा जितका तेजस्वी, तितके भोक मोठे. भर दुपारी त्यांतून उन्हाचे कवडसे आत पडतात, सूर्याबरोबर सरकतात, लांबट होतात, आणि पाहणारा चक्क नक्षत्रांवर पाय ठेवून चालतो. रात्री चंद्र पुरेसा तेजस्वी असला, तर तेच कवडसे फिकट होऊन पुन्हा उमटतात.