उमेदवारी

'उमेदवार' हा शब्द ऐकतांच आज बहुतेकांना निवडणूक आठवते. त्याचा जुना अर्थ निराळा. कचेरींत किंवा कारखान्यांत, पुढें जागा मिळेल ह्या आशेवर, अल्प वेतन घेऊन काम शिकणारा तो उमेदवार. सरकारी कागदांतील 'शिकाऊ उमेदवार' ह्या जोडशब्दांत तो अर्थ अद्याप जिवंत आहे, आणि छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेस, मुकुंदवाडींत, तो परका नाहीं. जालना रस्त्यालगतची ही वस्ती. शेजारीं चिकलठाण्याची औद्योगिक वसाहत.

तेथील एखाद्या घरांत मुलगा किंवा मुलगी दहावी होते, तेव्हां प्रश्न सरळ असतो. मदतनीस म्हणून यंत्रापाशीं उभें राहिलें तर पैसा आजच हातीं येतो, आय.टी.आय. करून उमेदवारी पत्करली तर तो थोडका आणि उशिरां. २०१९ च्या नियमांनीं आय.टी.आय. उत्तीर्ण उमेदवारास दरमहा किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरविलें. घरभाडें द्यावयाचें असलें म्हणजे हा हिशेब निष्ठुर ठरतो. बापानें मदतनिसाची वाट दाखविली तर त्याला दोष देणें अन्यायाचें होईल.

परंतु उमेदवारींत काय मिळतें तें पाहिलें पाहिजे. समजा, १०० मिलिमीटर लांबीचा दांडा लेथवर असा उतरता कातावयाचा आहे, कीं एका टोकास व्यास ४० आणि दुसऱ्यास ३०. कारागीर ह्यास टेपर म्हणतात. हत्यार बसविलेला भाग किती अंशांत वळवावा? व्यासांतील फरकास लांबीच्या दुपटीनें भागावें. १० भागिले २००, म्हणजे ०.०५. ज्या कोनाचें टॅन्जंट एवढें, तो कोन पावणेतीन अंशांहून किंचित् अधिक. शाळेंत ज्या त्रिकोणमितीनें घाम फोडला, ती येथें हातास लागते. कोन चुकला तर दांडा जोडाच्या भोकांत बसत नाहीं. तेथें आर्जव चालत नाहीं. मदतनिसास हा कोन दुसरा कोणी लावून देतो, आणि तो दुसरा कोणी त्याला आयुष्यभर लागतो.

सुशिक्षित घरांतून असा समज दृढ आहे कीं, हातांत कानस घेतली म्हणजे विद्येचें दार मिटलें. तें खरें नव्हे. दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. अभ्यासक्रम पुरा केलेल्यास पॉलिटेक्निकच्या दुसऱ्या वर्षांत थेट प्रवेश मिळूं शकतो. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्याहि दुसऱ्या वर्षांत. चिकलठाण्यासच जर्मनीच्या सहकार्यानें उभें राहिलेलें इंडो-जर्मन टूल रूम आहे. तेथें साचे घडवितां घडवितां पदविका मिळते. मायकेल फॅरेडे १८०५ सालीं लंडनमध्यें एका पुस्तकबांधणी करणाऱ्याकडे सात वर्षांच्या उमेदवारीस राहिला, आणि बांधावयास आलेलीं पुस्तकें वाचून विजेकडे वळला. अर्थात् प्रत्येक उमेदवार फॅरेडे होत नाहीं. त्याची आवश्यकताहि नाहीं.

खरें दुखणें निराळेंच आहे. १९६१ च्या कायद्यानें उमेदवारास कामगार न मानतां शिकणारा मानलें. कित्येक ठिकाणीं त्याचा अर्थ स्वस्त हात असा केला जातो. वर्षभर खोकीं भरणाऱ्या मुलाच्या पदरीं शिकण्याचें वर्ष म्हणून तेंच पडतें. करार नोंदविला आहे काय, कोणत्या महिन्यांत कोणतें यंत्र, शिकविणारा कोण, हें सही करण्यापूर्वींच विचारावें. मूल अज्ञान असेल तर त्या करारावर सही पालकाचीच लागते.