केळीच्या बागेतलं इंग्रजी



इंग्रजी शब्दसंग्रहाची गोष्ट निघाली की मला रजेचा एक अर्ज आठवतो. आमच्या फैजपूरकडचाच मुलगा. वडील तापाने अंथरुणाला खिळलेले. त्या काळी मी वर्गाला रोज दहा अवघड शब्द पाठ करायला देत असे, आणि त्याचा मला अभिमानही होता. प्रकृती बरी नसलेला या अर्थी ‘इनडिस्पोज्ड’ शब्द दिला होता. पोराने अर्जात लिहिलं, ‘माय फादर इज इनडिस्पेन्सेबल.’ म्हणजे, वडिलांवाचून आमचं चालायचं नाही! मी ते मोठ्याने वाचलं, वर्ग हसला, मीही हसलो. मग कित्येक महिने तो मुलगा इंग्रजीच्या तासाला बोललाच नाही. चूक माझी होती. दहा शब्द सुटे दिले होते, त्यांना टेकायला जागा दिली नव्हती.

पुढे एके दिवशी वर्ग केळीच्या बागेत नेला. घड म्हणजे ‘बंच’, फणीला ‘हँड’ आणि एकेका केळाला ‘फिंगर’. हात नि बोट हे शब्द पोरांना येतच होते, त्यांचा नवा अर्थ झाडावरच लोंबत होता. खालचा कंद तो ‘कॉर्म’, बाजूला फुटतं ते पिल म्हणजे ‘सकर’. आता पिलं दोन तऱ्हेची. हे मला कुणी सांगितलं? त्याच मुलाने! “गुरुजी, अरुंद पानाचं लावायचं, रुंद पानाचं नाही.” मी घरी जाऊन पुस्तक पाहिलं. अरुंद पात्याच्या पिलाला इंग्रजीत ‘सोर्ड सकर’ म्हणतात, म्हणजे तलवारच. रुंद पानाचं ते ‘वॉटर सकर’. दुसऱ्या दिवशी फळ्यावर ते त्यानेच लिहिलं.

आपण पिलबाग म्हणतो, उसाचा खोडवा म्हणतो, त्याला ‘रॅटून’ हा शब्द आहे. मूळ स्पॅनिश, अर्थ नवा फुटवा. शहरातल्या पदवीधरालाही तो चटकन यायचा नाही. मृगबाग आणि कांदेबाग यांना मात्र तयार शब्द शोधू नका. जूनच्या सुमाराची लागण, सप्टेंबर-ऑक्टोबरची लागण, असं मुलांना वाक्यात सांगू द्या.

बांधावर मुंगूस दिसलं तर ‘मंगूस’ सांगा. तो शब्द मराठीतूनच इंग्रजीत गेला. अनेकवचन ‘मंगूसेस’; ‘गूस’चं ‘गीस’ होतं म्हणून इथे ‘मंगीस’ करायचं नाही.

शाळेत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश असेल तर कपाटातून बाहेर काढा. पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारलेली १८५७ ची. आता तो संगणकावरही पाहता येतो. इंग्रजी काही जुनं आहे, तेवढं जपून घ्यावं. पण आपला शब्द काढला की त्याच्या अर्थाच्या छटा इंग्रजीत ओळीने मिळतात. रोज दोनच शब्द घ्या, आणि घरचा शब्द कोणता शोधायचा ते मुलांना ठरवू द्या.