आघाडीवरची पत्रे कोणी जपली?

(कळंब, जि. यवतमाळ येथे वाचक आणि कार्यकर्ते यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)

आजच्या भाषणाचा विषय मी निवडलेला नाही, एका तरुणाने तो माझ्यापुढे ठेवला. चार महिन्यांपूर्वी तो माझ्या घरी आला होता. त्याचे वडील आणि मी येथल्या शाळेत एका बाकावर बसत असू. पुढे ते सैन्यात गेले, १९७१ च्या डिसेंबरात पश्चिम आघाडीवर होते, सुखरूप परतले, निवृत्तीनंतर त्यांनी शेती केली आणि काही वर्षांपूर्वी ते वारले. मुलगा म्हणाला, "काका, बाबांनी लढाईविषयी घरी कधी अवाक्षर काढले नाही. आई म्हणते, तुम्हां मित्रांना मात्र ते पत्रे लिहीत. ती एकदा वाचायला मिळतील का?"

मला मान खाली घालावी लागली. पत्रे आली होती, मी ती वाचली होती, मित्रांना वाचून दाखवली होती. पुढे घराची कौले उतरवली त्या वर्षी जुन्या कागदांबरोबर ती रद्दीत गेली. त्या मुलाला देण्यासारखे माझ्याजवळ काही उरले नव्हते. तेव्हा आज मी उपदेश करण्यासाठी उभा आहे असे कृपया समजू नका. हा एका कसूरदाराचा जबाब आहे.

त्या पत्रांतले शब्द आता माझ्याजवळ नाहीत, आशय तेवढा स्मरतो. पत्त्याच्या जागी "५६ एपीओ" एवढेच असे, त्यामुळे मित्र राजस्थानात आहे की पंजाबात, हे आम्हांला कळत नसे. लढाई चालू होती ते दिवस आपल्याकडे कापसाच्या वेचणीचे. त्याने विचारले होते की वेचणीला बाया मिळतात का, भाव काय निघाला, सोसायटीचा हप्ता वडिलांनी भरला की सावकाराकडे गेले. आणि एका पत्रात, अगदी शेवटी, त्याने लिहिले होते की तोफा सुरू झाल्या त्या पहिल्या रात्री आपल्याला फार भय वाटले, आणि हे घरी कळू देऊ नये. घरी त्याच आठवड्यात जे पत्र गेले त्यात प्रकृती उत्तम असल्याचे आणि जेवण चांगले मिळत असल्याचे लिहिले होते. दोन्ही पत्रे खरी होती. आईला लिहिताना शिपाई आईची काळजी वाहतो, मित्राला लिहिताना स्वतःचे ओझे क्षणभर खाली ठेवतो. म्हणून युद्ध म्हणजे माणसाच्या जिवाला काय होते, हे ज्याला जाणून घ्यायचे असेल त्याने मित्रांना गेलेली पत्रे शोधावीत. पण नेमकी हीच पत्रे सर्वांत आधी नाहीशी होतात. आईच्या पेटीत एखादे तरी पत्र राहते. मित्राच्या घरी त्यावर कोणाचाच हक्क नसतो, आणि म्हणून त्याची जबाबदारीही कोणाची नसते.

आता ही गोष्ट माझ्या एकट्याच्या घराबाहेर नेतो.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक भारतीय माणसे समुद्रापार गेली. आपल्या महाराष्ट्रातून भरतीचा जोर सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या बाजूला होता. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील न्यव्ह शापेल या गावावर जो हल्ला झाला त्यात ४७ व्या शीख पलटणीबरोबर खडकीच्या सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व्या आणि २१ व्या कंपन्या होत्या. रस्ते, पूल आणि खंदक तयार करणारी ही माणसे. त्या दिवशी त्यांना पायदळ म्हणून पुढे घालण्यात आले आणि त्यांची भयंकर हानी झाली. ही माणसे पत्रे लिहीत होती. बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. पलटणीतला एखादा जाणता सोबती लिहून देई. गावी ते पत्र शिक्षक किंवा पोस्टमन वाचून दाखवी, आणि ते ऐकायला चार माणसे ओसरीवर जमत. पत्र एकाचे असले तरी त्याला लिहिणारा एक, सांगणारा दुसरा आणि ऐकणारा सारा गाव असे.

या सर्वांच्या आधी मात्र ते पत्र आणखी एक माणूस वाचीत असे. हिंदी सैनिकांच्या टपालासाठी सरकारने फ्रान्समध्ये एक स्वतंत्र सेन्सॉर कचेरी उघडली होती. इव्हलिन हॉवेल नावाचा अधिकारी प्रारंभी तिचा प्रमुख होता. उर्दू, गुरुमुखी, हिंदी, मराठी, पश्तू अशा भाषांतील पत्रे तेथे वाचली जात आणि त्यांतले निवडक उतारे इंग्रजीत करून वरिष्ठांकडे अहवालासोबत पाठवले जात. फौजेचे मन कोठे झुकते आहे हे सरकारला हवे होते. शिपायांना याची कल्पना होती. त्यांनी आपल्या परीने युक्त्या काढल्या. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरा शिपाई, असा संकेत ठरवून घरी सांगितले जाई की काळी मिरी संपत आली आहे. सेन्सॉरला तो संकेत उमगला, आणि म्हणून तो आज आपल्यालाही ठाऊक आहे. जो संकेत त्याला उमगला नाही, तो त्या शिपायाबरोबर गेला. याखेरीज छापील कार्डे होती. मी बरा आहे, मी दवाखान्यात आहे, अशी वाक्ये आधीच छापलेली. लागू नसलेली खोडायची आणि सही करायची. त्यावर एक शब्द अधिक लिहिला तर कार्ड नष्ट केले जाईल, असा इशारा त्याच कार्डावर असे. माणसाच्या दुःखाचा असा छापील नमुना तयार करणे हे साम्राज्यशाहीलाच सुचू शकते.

सेन्सॉरने केलेले ते इंग्रजी उतारे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहेत. डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतील साडेसहाशेच्या आसपास पत्रे १९९९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यात मराठी शिपायांचीही पत्रे आहेत. पण मूळ पत्रे गेली आहेत. साताऱ्याच्या शिपायाने आपल्या मित्राला मराठीत जे सांगितले, ते आज इंग्रजीत वाचावे लागते, आणि त्यातही तेवढाच भाग, जो राज्यकर्त्यांना दखल घेण्यासारखा वाटला. ज्याला प्रेमाने लिहिले त्याच्याजवळ ते राहिले नाही. ज्याने संशयाने वाचले त्याने ते जपून ठेवले. मित्रहो, या एका वाक्यासाठी मी आज येथे आलो आहे. आपल्या शिपायांच्या मनाचा इतिहास संशय घेणाऱ्याच्या दप्तरातून आपल्याला उसना आणावा लागतो, याची लाज त्या दप्तराला नव्हे, आपल्याला वाटली पाहिजे.

हे असेच होणे अटळ होते काय? मेसोपोटेमियातील कुत येथे ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा पडला होता. आत सहावी पुणे डिव्हिजन होती, आणि तिच्यात १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आले, घोडे कापून खाण्याची वेळ आली, पुष्कळ हिंदी शिपायांनी ते मांस खाण्याचे दीर्घकाळ नाकारले. शरणागतीनंतर सुमारे तेरा हजार माणसे कैद झाली आणि वाळवंटातील पायपिटीत, छावण्यांत हजारो मेली. त्याच वेढ्यात कल्याणकुमार मुखर्जी नावाचे बंगाली लष्करी डॉक्टर होते. १९१७ मध्ये कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. त्यांनी आईला लिहिलेली पत्रे घरी जपली गेली होती. त्यांच्या वृद्ध आजीने, मोक्षदा देवींनी, ती हाताशी घेऊन १९२८ मध्ये 'कल्याणप्रदीप' हा ग्रंथ सिद्ध केला. त्यामुळे कुतच्या वेढ्याविषयी एका बंगाली माणसाला काय वाटले, ते बंगालीत वाचता येते. त्याच भिंतीआड उपाशी राहिलेल्या तीन मराठा पलटणींची पत्रे कोठे आहेत?

याचे उत्तर भावनेत शोधून चालणार नाही, ते समाजरचनेत आहे. डॉक्टर मुखर्जी शिकलेल्या घरातले होते. घरात पुस्तके होती, लिहिणारी आजी होती, छापखाना माहितीचा होता. मराठा पलटणीतला शिपाई कोरडवाहू शेतकऱ्याचा मुलगा होता. त्याच्या घरी पावसाळ्यात धान्य कोरडे ठेवण्याची पंचाईत, तेथे कागद कोण कोरडा ठेवणार? आणि त्याच्याही खाली जो होता त्याचे काय? महारांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने बंद केली होती. गरज पडताच १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडून टाकली. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ पासून, महार रेजिमेंट उभी राहिली; पहिली पलटण बेळगावला आणि दुसरी आपल्या नागपूरजवळच्या कामठीला. ज्या समाजाला गावच्या शाळेने दाराबाहेर बसवले, त्याच्यातील काहींना पलटणीच्या शाळेने अक्षर दिले. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हे लष्करी शाळेतच शिक्षक होते. त्या अक्षरांनी लिहिलेली पत्रे आपल्या विदर्भातील वस्त्यांत आली असणारच. त्या पत्रांना कोणत्या ग्रंथालयाने दार उघडले?

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्यात सुमारे पंचवीस लाख माणसे होती. त्यांच्याही टपालावर सेन्सॉरचे पाक्षिक अहवाल तयार होत. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळाने लाखो माणसे मेली, त्या काळात वाळवंटात लढणारा शिपाई घरच्या धान्याची आणि महागाईची चिंता करीत होता, असे ते अहवालच सांगतात. येथे माझ्या मित्राच्या पत्राकडे परत येतो. तोही वेचणी, भाव आणि हप्ता विचारीत होता. शिपायाचे पत्र आघाडीवरून येते, परंतु त्यातला निम्मा मजकूर गावाविषयी असतो. सरकार आकड्यांत जे लपवते ते पुष्कळदा अशा पत्रात सहज सांगितलेले असते. शेतीचा आणि मजुरीचा इतिहास लिहू पाहणाऱ्यांनीही ही पत्रे शोधली पाहिजेत.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की शिपायाचे भय चव्हाट्यावर आणल्याने त्याच्या शौर्याला बाध येतो. नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले, त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचे स्मारक आहे. स्मारक असावेच. परंतु दगडाच्या चेहऱ्याला भय वाटत नाही, आणि म्हणून त्याच्याकडे पाहून युद्ध सोपे वाटू लागते. हल्ली लढाईची भाषा ज्यांच्या तोंडी सर्वाधिक असते त्यांना आघाडीवर कधी जावे लागत नाही. भय वाटूनही जो जागा सोडत नाही त्याचे मोल त्याचे भय कळल्यावाचून कळणार कसे? माझ्या मित्राची उंची त्या शेवटच्या ओळीने माझ्या मनात वाढली, कमी झाली नाही.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे. पत्र खाजगी असते, ते इतरांनी का वाचावे? हे मला मान्य आहे. घरच्यांची संमती हवी. नाव गाळावेसे वाटले तर गाळावे, एखादी ओळ झाकावीशी वाटली तर झाकावी. सेन्सॉरने विचारल्यावाचून वाचले. आपण विचारून वाचू, एवढा फरक तरी आपल्यात आणि त्याच्यात असला पाहिजे.

मग करावयाचे काय? काम मोठ्या खर्चाचे नाही. या तालुक्यातून १९६२, १९६५, १९७१ आणि १९९९ च्या लढायांच्या काळात जे सैन्यात होते, त्यांची घरे आपल्याला माहीत आहेत. चार कार्यकर्त्यांनी सुट्टीच्या दिवशी त्या घरी जावे. त्यांच्या मित्रांच्या घरीही जावे, आणि हे मी मुद्दाम सांगतो. पत्र मागून आणू नये, तेथेच त्याची नक्कल करावी किंवा छायाचित्र घ्यावे. अक्षर आहे तसे उतरवावे. आपली वऱ्हाडी बोली पुस्तकी मराठीत बसवण्याचा मोह टाळावा, कारण तसे करणे म्हणजे पुन्हा एकदा भाषांतरच. नकलेची एक प्रत घरच्यांना द्यावी, एक गावच्या ग्रंथालयात ठेवावी. सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा महाराष्ट्रात १९६७ मध्ये झाला. त्या ग्रंथालयांत कादंबऱ्यांच्या शेजारी गावच्या पत्रांची एक वही असायला कोणाची हरकत असणार नाही. आणि घाईही केली पाहिजे. १९७१ मध्ये जे विशीत होते ते आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. आजचा जवान मोबाइलवर दोन ओळी पाठवतो आणि फोन बिघडला की त्या ओळी नाहीशा होतात. पुढच्या पिढीला रद्दीत शोधण्याचीही सोय उरणार नाही.

आपल्या कळंबच्या चिंतामणीचे दर्शन घ्यायचे तर पायऱ्या उतरून जमिनीखाली जावे लागते. वरून चालत जाणाऱ्याला ती मूर्ती दिसत नाही. या पत्रांचेही तसेच आहे. पेटीच्या तळाशी, जुन्या पासबुकांखाली ती पडलेली असतील. तेवढे खाली उतरण्याची तयारी हवी.

त्या तरुणाला मी अखेर काय दिले, ते सांगून थांबतो. त्याच्या वडिलांच्या पत्रांतले जेवढे आठवले तेवढे मी एका कागदावर लिहून काढले. न आठवलेले रचून घातले नाही. कागदाची एक बाजूही भरली नाही. भयाची ती गोष्ट लिहावी की नाही, यावर रात्रभर विचार केला, कारण मित्राने ती घरी सांगू नको म्हटले होते. शेवटी लिहिली. त्याने तो कागद येथेच, उभ्याने वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाला, "काका, बाबा पहिल्यांदा बोलले."

मित्राचा शब्द मी मोडला की पाळला, ते मला सांगता येत नाही. पण तो कागद त्या घरी राहील, याची मला खात्री आहे.